फणसाच्या लाकडाचं पिस्तूल

मुंबई, ३ नोव्हेंबर १९९९

ती. बाबूमामास,

जान्हवीने दुरूनच पायांना हात लावला आहे, तो मानून घे. मामीलाही सांग.

यंदा दिवाळीला येत नाही. सुट्टी मागायला तोंडच नाही. का ते लिहिते, पण आईला कळवू नकोस.

पोलीस भरतीनंतर चार वर्षं मी वायरलेसवरच होते हे तुला माहीत आहे. या वर्षी सुरक्षेच्या कामासाठी पुरुषांबरोबर आम्हा काही बायकांनाही निवडलं. बाहेरून मोठ्या बाया पाहुण्या म्हणून येतात, त्यांच्यासोबत साध्या कपड्यांत राहायचं. त्यासाठी कपड्यांखाली मावेल असं लहान पिस्तूल देतात. सप्टेंबरात त्याची परीक्षा झाली तेव्हा मी तिसरी आले होते. त्या दिवशी मी एकटीच जाऊन आइस्क्रीम खाल्लं.

मग नवीन पिस्तुलं आली. कंपनी तीच, आकार तोच, फक्त पुढची पिढी. आमच्या उस्तादांनी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली आणि म्हणाले, "आतून सख्खी भावंडं. जुन्याचं मॅगझीन नव्यात बसतं. फरक मुठीचा." जुन्याची मूठ समोरून सपाट आहे, नुसती खरखरीत. नव्याला समोर बोटांसाठी खाचा पाडल्यात, मध्ये उंचवटे. दोन्ही बाजूंना अंगठा टेकवायला खळगा. नळीखाली बॅटरी अडकवायला पन्हाळीसारखी खाच. सगळे म्हणतात, काय सुंदर बसतं हातात! मामा, माझ्या हातात बसत नाही. माझी बोटं लहान. उंचवटा दोन बोटांच्या मध्ये यायच्या ऐवजी बरोबर मधल्या बोटाखाली येतो. चाप ओढला की मूठ फिरते आणि गोळी डावीकडे खाली जाते. परवा आठ जणांपुढे मी कागदाच्या बाहेर मारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "मालवणच्या बाईला पापलेट धरायला द्या." उस्तादसुद्धा हसले.

हत्यार खोलीवर नेता येत नाही. सराव कसा करू? म्हणून तुझी आठवण झाली. तू लाकडात कोरलेल्या आंब्यावर माशी बसते. मला दोन्ही पिस्तुलं लाकडाची करून दे. साफसफाईच्या वेळी खाकी कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली आहे, तो कागद सोबत आहे. जाडीची मापं मागे लिहिलीत. एका कोपऱ्यात माझा पंजा काढला आहे. वजनही तेवढंच हवं. फोनवर सांगितलं असतं, पण बूथवर 'पिस्तूल' म्हटलं की रांगेतले लोक वळून बघतात.

तुझी,
जान्हवी


मालवण, १९ नोव्हेंबर १९९९

चि. जान्हवी,

आशीर्वाद. फराळ आणि तू मागितलेलं दोन्ही आपल्या गल्लीतला लवू मुंबईला परततोय त्याच्या हाती देतो. डबा वर आहे, माल खाली जुन्या लुगड्यात गुंडाळलाय. लवूला सांगितलंय की चकल्यांचा सोऱ्या आहे.

फणसाचं लाकूड घेतलं. आंबा हलका पडला असता. वजनासाठी आत पोकळी करून जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं बसवली. दुकानातल्या काट्यावर तोलून घेतली आहेत, तू लिहिलंस त्याहून गहू दोन गहू इकडे तिकडे. काळं पॉलिश तीन हात दिलं. तुझी मामी नर्मदा म्हणाली, "शेण लावा त्याका. असला घरात नको." बायकांचं असंच.

आता तुझ्या दोन भावंडांबद्दल. आधी जुनं केलं. त्यात काही नाही, पेटीसारखं काम. नव्याने मात्र चार दिवस खाल्ले. उंचवट्यांची गोलाई तुझ्या कागदात नव्हती, ती मी माझ्या बोटांवरून घेतली. पूर्ण झाल्यावर डोळे मिटून दोन्ही हातात घेऊन बघितली. जुनं हातात धरावं लागतं. नवं हाताला धरतं. अंगठा आपणहून खळग्यात जातो, बोटं आपणहून खाचांत. ज्याने हे बदललं त्याला हात म्हणजे काय ते कळत असलं पाहिजे. पण तो हात माझ्यासारख्याचा, रंधा मारणाऱ्याचा. तुझ्या पंजाच्या चित्रावर ठेवून बघितलं तर तुझं म्हणणं खरं आहे. उंचवटा बोटाच्या पेरावरच येतो. दोष तुझा नाही गो. त्यांनी मोठ्या हाताचं माप घेतलं.

सराव कर आणि त्या पापलेटवाल्याला दाखव.

तुझा मामा,
बाबू मेस्त

ता. क. नवं मला इतकं आवडलं की माझ्यासाठी एक करून ठेवलंय. दुकानात असतं.


मुंबई, १२ डिसेंबर १९९९

मामा,

लवूने डबा आणून दिला. चकल्या वसतिगृहातल्या पोरींनी एकाच संध्याकाळी संपवल्या. खालचा माल मी ट्रंकेत ठेवलाय, कोणाला दाखवलेला नाही.

दार लावून आरशासमोर उभी राहते. दोनशे वेळा उचलते, खाली ठेवते. तुझ्या लाकडामुळे एक कळलं. मूठ थोडी खालून धरली तर बोट उंचवट्यावरून सुटतं, पण मग मनगट डुलतं. म्हणजे एक दुखणं सोडून दुसरं घ्यायचं. डोळे मिटून उचललं तर हात जुन्याकडेच जातो. गोळ्या आता कागदावर लागतात, पण पास होण्याइतक्या नाहीत. परीक्षा मार्चमध्ये आहे.

उस्तादांना सांगायला हवं की नवं मला बसत नाही. नाही सांगवत. नव्याची तक्रार केली तर म्हणतील, बाईने कारण काढलं. पुरुष सगळे खुश आहेत. त्यांच्यात उभं राहून "माझा हात लहान आहे" म्हणायचं, म्हणजे काय होईल ते तूच सांग.

तुझी,
जान्हवी


मालवण, ३० डिसेंबर १९९९

चि. जान्हवी,

नाताळात मालवण भरून गेलं होतं. किल्ला बघायला येणारे आमच्या दुकानावरूनच जेट्टीकडे जातात. लाकडी फळं, लहान होड्या, पोळपाट, सगळं खपलं. पण खरी गर्दी कशाला झाली सांगू? पिस्तुलाला. ते मी फळीवर उघडंच ठेवलं होतं. जो तो हातात घेऊन बघायचा. नाशिकचा एक इंजिनियर म्हणाला, "खोटं आहे हे शपथेवर सांगा." मी सांगायचो, भाची पोलिसात आहे, मोठ्या लोकांच्या सुरक्षेला. हे नवीन, जुन्यात आणि यात हा फरक, इथे अंगठा. सगळं तुझं शिकवलेलं.

आणि एक गंमत झाली. तुला हौसाबाई आठवते ना, मासे विकणारी? तिचं आणि माझं जुनं भांडण. दुकानासमोरच्या वाळूत ती सुकट आणि खारे बांगडे पसरते आणि वास माझ्या ओल्या रंगाला चिकटतो. परवा गिऱ्हाइकं उभी असताना मी तिला म्हटलं, आजच्या दिवस उचल. तर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडली, "भाची पोलिसात गेली म्हणान रस्तो तुझो झालो काय रे?" पिस्तूल माझ्या हातात होतंच. तसंच रोखलं तिच्यावर आणि म्हटलं, "गप रव, नायतर गोळी घालीन." अशी घाबरली म्हणून सांगू! धाडकन वाळूत बसली, हात जोडले. लोक हसून हसून लोळले. एरवी ती कोणाला ऐकते? अख्खा बाजार तिला टरकतो.

सुकट मात्र तेव्हापासून समोर नाही. तेवढं भलं झालं.

तुझा मामा,
बाबू


मुंबई, ९ जानेवारी २०००

मामा,

तुझं पत्र वाचून मी एकटीच खोलीत हसत सुटले. हौसाबाई हात जोडतेय! लहानपणी माझा कान पिरगळून तिने माझ्याकडून चिंचा काढून घेतल्या होत्या.

काल मेसमध्ये जेवताना मी ही गोष्ट सांगितली. पिस्तूल लाकडाचं कसं आलं ते सांगितलं नाही, मामा खेळणी करतो एवढंच म्हटलं. तिचा आवाज काढून दाखवला. अख्खं टेबल हसलं, तो पापलेटवालाही हसला आणि त्याने मला ताटात वाढून दिलं. मामा, इथे आल्यापासून लोक मला हसतात. काल पहिल्यांदा माझ्यासोबत हसले.

आता ती गोष्ट सगळे पुन्हा पुन्हा सांगायला लावतात.

तुझी,
जान्हवी


मालवण, २२ जानेवारी २०००

चि. जान्हवी,

मी मामी लिहिते आहे. सातवीनंतर पत्र लिहिलेलं नाही. चुकलं तर सांभाळून घे.

तुझं पत्र ह्यांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तू हसलीस आणि तिथल्या पोलिसांनाही हसवलंस, हे ऐकून मला राहवेना. त्यांनी तुला गंमत म्हणून कळवलं. गंमत नव्हती. मी दारात होते.

हौसाबाई नुसती घाबरली नाही. तिला ते खरं वाटलं. वाळूत बसली आणि म्हणाली, "बाबू, मारू नको रे, माझ्या पाठी कोण नाय." दोनदा म्हणाली. आणि बसल्या जागी तिचं लुगडं ओलं झालं. ते सगळ्यांनी बघितलं. मग लोक हसायला लागले. तुझा मामाही हसला. मी तिला उठवायला गेले तर तिने माझा हात झिडकारला. पाटी तिथेच टाकून लुगडं धरून चालत घरी गेली. ती चालत होती तेव्हाही लोक हसत होते.

त्यानंतर ती बाजारात बसलेली नाही. तिच्या जागेवर दुसरी बसते. शाळेतली पोरं काठ्या घेऊन तिच्या दाराशी जातात आणि "ठो! हौसाआजी, हात वर!" म्हणून पळतात. त्यांतली दोघं आमच्या दुकानात येऊन "आमका पण पिस्तूल करून दी" म्हणून बसली होती.

मी तिच्याकडे पेज घेऊन गेले होते. दाराच्या फटीतून बोलली. मी म्हटलं, पोलिसांत जा, मी साक्ष देते. ती म्हणाली, "पोलीस त्याचेच. त्याची भाची पोलिसात."

ते पिस्तूल मी न्हाणीच्या चुलीत घातलं. तेव्हापासून तुझे मामा माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत. तुला राग आला तर माझ्यावर कर, पण ही गोष्ट आता तिथे कोणाला सांगू नकोस.

मामी


मुंबई, ३० जानेवारी २०००

मामा,

मामीचं पत्र आलं. तिने लिहिलं ते खरं आहे का, असं विचारणार होते. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. "धाडकन वाळूत बसली, हात जोडले." सगळं त्यात होतंच. मीच हसत वाचलं.

मी तिचा आवाज काढला, मामा. बावीस जणांसमोर. "मारू नको रे" हे शब्द मला माहीत नव्हते, मी माझ्या मनानेच "बाबा, माका सोड" असं काहीतरी घातलं. आता ते लोक मेसमध्ये एकमेकांना तसं म्हणतात. मी कालपासून तिकडे जेवायला गेले नाही.

आम्हाला पहिल्या दिवशी, हत्यार हातात द्यायच्याही आधी, एक गोष्ट शिकवतात. भरलेलं असो, रिकामं असो, मोडकं असो, त्याचं तोंड माणसाकडे करायचं नाही. तुला मी सगळं कळवलं. खाचा, खळगे, नळीखालची पन्हाळ, जाडी, वजन. हे एक कळवलं नाही. वाटलंच नाही, लाकडाला कशाला.

आणि ती तक्रारीला गेली नाही ती माझ्यामुळे. वर्दी घातली तेव्हा वाटलं होतं, गावातल्या बायकांना आधार होईल. हा आधार झाला.

तू तिच्याकडे गेलास का? नसशील तर का नाही? मला खरं उत्तर हवं. गंमत नको.

जान्हवी


मालवण, ६ मार्च २०००

चि. जान्हवी,

तुझ्या पत्राला महिना उलटून गेला. आधी राग आला होता. वाटलं, काल जन्मलेली पोर मला शिकवते. नर्मदेने आग लावली असं वाटलं. मनाशी म्हणत होतो, लाकडाचं होतं, कोणाला ओरखडा उठला नाही, बाजारात याहून मोठ्या शिव्या रोज होतात. हौसाबाईने काय कमी लोकांना रडवलंय? असं रोज रंधा मारताना म्हणायचो. रोज म्हणावं लागत होतं, यावरूनच मला कळायला हवं होतं.

गेल्या आठवड्यात नाशिकहून पाकीट आलं. त्या इंजिनियरकडे कॅमेरा होता हे माझ्या ध्यानातही नव्हतं. त्याने फोटो काढला होता, तो धुवून आठवणीने पाठवला. मागे लिहिलंय, 'मालवणची धमाल! काका, तुम्ही ग्रेट.'

फोटोत डाव्या हाताला मी आहे, दुकानाच्या पायरीवर. हात लांब केलेला. उजवीकडे खाली वाळूत ती. लुगडं कुठे ओलं झालंय तेही दिसतं, रंगीत फोटो आहे. तिचे डोळे पिस्तुलाकडे नाहीत, माझ्या तोंडाकडे आहेत. मी मारीन की नाही ते ती माझ्या तोंडावर शोधतेय. आणि माझं तोंड हसतंय. दात दिसतात. जान्हवी, माझा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. माझ्या लग्नातसुद्धा मी असा हसलेलो नाही.

तुला मी लिहिलं होतं की नवं हाताला धरतं. त्या दिवशी ते हातात होतं म्हणून रोखलं गेलं, असं मी आजवर धरून चाललो होतो. जुनं सपाट मुठीचं असतं तर उचलून बाजूला ठेवलं असतं, असंही म्हणून बघितलं. मूठ हाताला धरेल. हसायला कोणत्या मुठीने लावलं?

त्याच दुपारी तिच्या दारात गेलो. कडी वाजवली. आतून "कोण?" आलं. मी "बाबू" म्हटलं. आत भांडं पडल्याचा आवाज आला. मी बाहेरून म्हटलं, "हौसाबाय, माझा चुकला." परत म्हटलं. शेजारची बाई बाहेर आली आणि म्हणाली, "जा रे बाबा, म्हातारी थरथरता आसा आत." माझ्या आवाजाने ती थरथरते. मग आलो परत.

पोरं अजून काठ्या घेऊन फिरतात. मी दोघांना धरून दम दिला, तर त्यांतला एक म्हणाला, "तुमीच केलास ना?"

फोटो कोणाला दाखवलेला नाही, नर्मदेलाही नाही. रंधे ठेवतो त्या पेटीत आहे. जाळून टाकावा असं वाटतं. तू सांग.

बाबूमामा


मुंबई, १५ मार्च २०००

मामा,

जाळू नकोस. त्या फोटोत दोन माणसं आहेत. एकाने ठरवून कसा जाळायचा? तिला सांग की असा फोटो आहे. काय करायचं ते ती सांगेल. शिव्या घालील तर खा. मी यापुढे काही शिकवत नाही, मलाच कोणी शिकवायला हवं होतं.

माझं सांगते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी ट्रंकेतून दोन्ही पिस्तुलं काढली आणि उस्तादांच्या टेबलावर ठेवली. कुठून आली, कशासाठी केली, यांच्याच जोडीच्या तिसऱ्याने गावात काय केलं, मेसमध्ये मी काय सांगून हसवलं, सगळं सांगितलं. वाटलं होतं घरी पाठवतील. त्यांनी दोन्ही हातात घेऊन बघितली. मग कपाटात टाकून कुलूप लावलं आणि म्हणाले, "परवानगीशिवाय नक्कल केलीस, त्याची शिक्षा होईल. मेसमध्ये जे केलंस त्याची शिक्षा माझ्याकडे नाही. मीही तिथे हसलो होतो."

शिक्षा झाली. डोक्यावर रायफल धरून मैदानाला फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी रांगेत त्यांनी सरळ विचारलं, "नव्याची मूठ कोणाला बसत नाही?" मी हात वर केला. एकटीच. लाज वाटत होती, पण आता ती लाज लहान वाटली. थोड्या वेळाने मागून एक हात वर आला, मग आणखी दोन. तिघंही पुरुष. त्यांतला एक, मामा, तो पापलेटवाला. पाच महिने तोही कागदाबाहेर मारत होता आणि माझ्यावर हसत होता. आम्हा चौघांना कोठारातली जुनी पिस्तुलं काढून दिली. परवा परीक्षा झाली. मी पास झाले.

आइस्क्रीम नाही खाल्लं. मेसमध्ये उभी राहून म्हटलं की हौसाबाईची गोष्ट मी सांगितली तशी नव्हती, आणि ती कशी होती ते सांगितलं. दोघं ताट घेऊन उठून गेले. आता माझ्या शेजारी फारसं कोणी बसत नाही.

जान्हवी


मालवण, २८ एप्रिल २०००

चि. जान्हवी,

तू पास झालीस ते वाचून नर्मदेने देवापुढे साखर ठेवली. आम्ही आता बोलतो. फोटो मी तिलाच आधी दाखवला. ती चष्मा काढून पदराने पुसत बसली. मग म्हणाली, "मी येतंय तुमच्यावांगडा. एकटे जाशात तर ती दार उघडूची नाय."

गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी सकाळी गेलो. नर्मदेने हाक मारली तेव्हा हौसाबाईने दार उघडलं. मला बघून आत सरकली, पण बंद केलं नाही. मी उंबऱ्याबाहेर खाली बसलो, हात दोन्ही गुडघ्यांवर दिसतील असे ठेवून. ती बारीक झाली आहे. तू ओळखणार नाहीस.

मी म्हटलं, "हौसाबाय, मी माफी मागूक इलंय."

ती म्हणाली, "तू माका घाबरवलंस, त्याचा माका कायएक नाय. माझो घोव दर्यान नेल्यान, तेव्हापासून मी घाबरतच जगलंय. तू हसलंस कित्याक, ता सांग."

जान्हवी, मी तिथे बसून उत्तर शोधलं. लोक हसत होते म्हणून हसलो, असं म्हणता आलं असतं. ते खरं नव्हतं. सगळ्यांत आधी मीच हसलो होतो. शेवटी खरं तेच म्हटलं. "माका बरा वाटला. तू माझ्यासमोर हात जोडलंस, ता माका बरा वाटला."

हौसाबाईने मान हलवली, जणू एवढंच ऐकायचं होतं. "हां," म्हणाली. माफ केलं असं म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

मग मी फोटोचं सांगितलं. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "खंय आसा? दाखय." नर्मदेच्या हाती दिला. तिने दारातल्या उजेडात धरला. कितीतरी वेळ बघत होती. मी वाळूकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "माझो फोटो कोणी कधी काडूकच नाय. लग्नातव नाय. ह्यो पयलो."

मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"कातर आण गो," असं ती नर्मदेला म्हणाली. कोनाड्यात जाळी दुरुस्तीची मोठी कातर होती. आधी तिने खालची पट्टी कापली, जिथे लुगडं ओलं दिसत होतं ती. कापून चुलीत टाकली. मग मधून कापायला लागली. पिस्तुलाच्या टोकापाशी कातर थांबली, जराशी वळली, आणि नळी माझ्या बाजूला राहील अशी पुढे गेली. कापलं सरळ.

तिचा तुकडा तिने लांब धरून बघितला. कमरेपासून वरची ती, डोळे वर, हात जोडलेले. नर्मदेला म्हणाली, "आता देवाक हात जोडल्यासारख्या दिसता. नाय गो?"

नर्मदा म्हणाली, "होय."

भाताच्या चार शितांनी तिने तो तुकडा भिंतीला चिकटवला. माझा तुकडा माझ्यापुढे उंबऱ्यावर ठेवला. "ह्यो तुझो. तू घेवन जा."

बाजारात ती परत बसायला लागली आहे. सुकट मात्र पलीकडे खडकांवर घालते. मी दोनदा निरोप पाठवला की समोरची वाळू मोकळी आहे, तिथे घाल. तरी ती खडकांवरच घालते. जाताना रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जाते. पोरांचा खेळ संपला, त्यांना दुसरा मिळाला असेल. खेळण्यांत मी अजून पोळपाट आणि फळं करतो. होड्या करतो. पोरं पिस्तूल मागायला आली की कारण सांगून परत पाठवतो, आणि कारण खरं सांगतो.

माझा तुकडा दुकानात रंध्यांच्या वरती लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "काका, कोणावर रोखलंय?" फोटोत नुसती वाळू दिसते. मग मी सांगतो. एकेकाला सांगायला वेळ लागतो आणि सांगून झाल्यावर पुष्कळ जण काही न घेता जातात.

मे महिन्यात सुट्टी मिळाली तर ये. वर्दी आणू नकोस. एसटीतून उतरलीस की आधी तिच्याकडे जा, मग घरी. माझं नाव काढू नकोस. तिला काही पोलिसात सांगायचं असेल तर ते लिहून घे, कोणाच्याही विरुद्ध असो, माझ्याही.

बाबूमामा